कोयनेच्या काळ्या दगडातला वायू

कोयनानगरचे धरण आणि नेहरू उद्यान पाहून झाले. सुट्टीच्या गर्दीत मन रमले नाही आणि परतीच्या रस्त्यावरील धुळीने जीव नकोसा झाला. तरीही ही सहल लक्षात राहील, ती पाटणच्या अलीकडे डोंगर कापलेल्या जागी मामांनी गाडी थांबवायला लावली म्हणून.

मामांनी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवले. तेथील काळ्या बेसाल्टमध्ये वाटाण्याएवढ्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी गच्च भरल्या होत्या. मामांनी सौम्य आम्लाचा थेंब एका ठिपक्यावर सोडला. काहीच झाले नाही. "हा झिओलाइट." शेजारचा ठिपका मात्र थेंब पडताच फसफसला. "हा कॅल्साइट. बाहेर पडतोय तो कार्बन डायऑक्साइड. लाखो वर्षे दगडाने धरून ठेवलेला." बुडबुडे थांबेपर्यंत मी वाकून पाहत राहिले.

हवा तापवणारा हा वायू असा दगडात कोंडून ठेवणे माणसाने मुद्दामही करून पाहिले आहे. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात 2012 साली हा वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, तेव्हा खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटे होऊन त्याच्याशी संयोग पावले आणि दोन वर्षांच्या आत सुमारे 95 टक्के वायूचे खनिज झाले. मात्र टनभर वायूमागे सुमारे 25 टन पाणी लागते. जत-आटपाडीकडच्या टँकरच्या रांगा पाहिल्यावर ही पद्धत आपल्याकडे मला योग्य वाटत नाही. त्यापेक्षा अमेरिकेतील वॉलुलाची 2013 ची चाचणी जवळची वाटते. तिथे सुमारे 1000 टन वायू पाण्यात न विरघळवता, दाबाखाली 800 मीटरहून खोल बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत कार्बोनेटचे, म्हणजे वायू बांधून घेतलेल्या खनिजाचे, खडे मिळाले.

वायूसाठी आपल्याला लांब जायला नको. सांगली-साताऱ्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबताना 92 किलो अल्कोहोलमागे 88 किलो वायू निघतो, तोही जवळजवळ शुद्ध, त्यामुळे धुरातून वेगळा काढण्याचा मोठा खर्च वाचतो.

मग इथेच का नको, असे मी विचारले. मामा ठाम होते. गोठणे गावाजवळ संशोधनासाठी घेतलेल्या 3 किलोमीटर खोल विवराने इथला बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाड असल्याचे दाखवले, पण 11 डिसेंबर 1967 चा 6.3 तीव्रतेचा भूकंपही याच भूमीतला, आणि जलाशयाच्या पाण्यामुळे इथे भूकंप घडतात हे जगभर अभ्यासले गेले आहे. अशा जागी खोलवर आणखी दाब द्यायचा नाही. चाचणी पूर्वेकडे, कारखान्याजवळ, आधी आसपासच्या विहिरींचे पाणी तपासून आणि पुढेही तपासत राहूनच करावी, असे त्यांचे मत, आणि ते मला पूर्णपणे पटले.