पचमढी: गाडी घरची, तरी जिप्सीचं भाडं चुकत नाही

भाऊबीज आटोपली आणि मध्य प्रदेशातल्या पचमढीला जाऊन आलो. नवरा, मी, दोन पोट्टे आणि सासूबाई. नागपुरातून गाडीने पचमढी म्हणजे स्वस्तातली सुट्टी, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. पेट्रोल किती, खोली किती, पोहे कुठे चांगले, सगळं सांगितलं. जिप्सीचं, म्हणजे तिथल्या भाड्याच्या उघड्या जीपचं, मात्र कोणी बोललं नाही. आमचे सर्वात जास्त पैसे तिथेच गेले, म्हणून आधी तेच लिहिते.

पचमढीची बरीच ठिकाणं सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात आणि तिथे खासगी गाडी सोडत नाहीत. बी फॉल हा धबधबा, धूपगडचं शिखर, रीछगड यांना परवानाधारक जिप्सीच लागते, आणि प्रवेशाचा परवाना वनखात्याच्या बायसन लॉजवर काढावा लागतो. जंगल आहे, नियम हवाच. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हॉटेलच्या काउंटरवरच्या भैयाबद्दल. सामान उतरवायच्या आत त्याने ऐकवलं, "मॅडम, आपकी गाडी यहाँ कहीं नहीं जाएगी. फुल डे करा देता हूँ, सब पॉइंट."

धडधडीत खोटं! जटाशंकर, पांडव गुंफा, हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉइंट, महादेव, इथे आपली एमएच ३१ खुशाल जाते. आणि त्याच्या 'सब पॉइंट'च्या यादीत निम्मी नावं हीच! म्हणजे ज्या रस्त्यावर आपली गाडी जाऊ शकते, त्याच रस्त्यावर फिरायचं भाडं मोजायचं आणि आपली गाडी हॉटेलच्या दारात धूळ खाणार. हे कळलं ते त्याचीच जिप्सी करून हांडी खोहला पोचल्यावर. तिथे नागपूर पासिंगच्या गाड्यांची रांग लागलेली. एका काकांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही तर सकाळपासून आपल्याच गाडीने फिरून राह्यलो." माझं डोकं असं फिरलं की दरी धड पाहिलीच नाही. संध्याकाळी बाजारातल्या स्टँडवर भाव काढला. फक्त बंदी असलेल्या ठिकाणांसाठी जिप्सी हजार रुपयांनी स्वस्त होती. ड्रायव्हरला छेडलं तर तो हसला आणि म्हणाला, हॉटेलवाल्याचा हिस्सा त्यातच असतो.

तेव्हा खोली बुक करताना जिप्सीचं नावच काढू नका. काउंटरवर विचारलं तर "आमचं ठरलंय" म्हणा आणि चालू पडा. सकाळी लवकर स्टँडवर जा, फक्त बंदीच्या ठिकाणांचं ठरवा. परवान्याचे पैसे भाड्यात की वेगळे, हे आधीच विचारा. मुख्य म्हणजे धूपगडचा सूर्यास्त धरलाय का ते तोंडाने वदवून घ्या. 'फुल डे' दुपारीच संपतो आणि सनसेट म्हणून वेगळी रक्कम मागतात, आम्हाला मागितलीच. ठरलेलं सगळं मोबाइलमध्ये लिहून ड्रायव्हरला दाखवा, मग वाद होत नाही. जिप्सीत सहा माणसं बसतात. तुम्ही तिघं असाल तर तिथेच दुसरं तिघांचं कुटुंब गाठा, भाडं निम्मं. लाजू नका, सगळे तेच शोधत असतात.

रीछगड गाळलंत तरी काही बिघडत नाही. बी फॉल पाहा. उतरताना काही वाटत नाही, चढताना धाप लागते. सासूबाई वरच बसल्या आणि शहाणपणा केला. धूपगडला मात्र पैसे मोजून जाच. १,३५२ मीटर, सातपुड्यातलं सर्वात उंच ठिकाण. सूर्य बुडेपर्यंत माझा सगळा राग उतरला होता, खाली आल्यावर सनसेटच्या पैशांवरून परत चढला. चौरागडला, म्हणजे डोंगरावरच्या महादेवाला, तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे ठीक असतील तर एक सकाळ द्या, जिप्सी लागत नाही. तळं, बाजार, पांडव गुंफा सगळं छान, पोट्टे खूश होते.

रस्ता अडीचशे किलोमीटरच्या आसपास: सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली. छिंदवाड्यापर्यंत काही बोलायला नको. खरी परीक्षा तामियाच्या पुढे. वळणं संपतच नाहीत, मटकुलीला देनवा नदी ओलांडली की पुन्हा घाट. धाकट्याने तिथे दोनदा गाडी थांबवली. पोटात काही राहिलं नाही, सीटवर मात्र राहिलं. छिंदवाड्यानंतर मुलांना पोटभर खाऊ घालू नका. आणि हा टप्पा उजेडातच उरका. नागपूर पहाटे साडेपाचला सोडा, म्हणजे तामियाला थांबूनही दुपारपर्यंत पोचता.

टाकी नागपुरात नाहीतर सावनेरला फुल करा; मध्य प्रदेशची हद्द ओलांडली की पेट्रोल महाग होतं. फास्टॅगचा वार्षिक पास एवढ्यासाठी घेऊ नका. वर्षभर राष्ट्रीय महामार्गांवर हिंडणाऱ्यांना तो परवडतो, २०० फेऱ्या मिळतात. समृद्धीवर तो चालत नाही, हेही ऐकून ठेवा. टॅगमध्ये पैसे आहेत ना एवढं निघायच्या आदल्या रात्री बघा, नाहीतर नाक्यावर जास्तीचे पैसे जातील.

खोलीच्या बिलावर नजर ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के आहे. आमच्या बिलात जुनेच १२ टक्के लावले होते. दाखवल्यावर मुकाट्याने बदललं, "सिस्टीम में पुराना था" म्हणे. चेकआउटची वेळ फोनवरच विचारा, बऱ्याच ठिकाणी सकाळी नऊ-दहालाच खोली मागतात. जास्तीच्या गादीचे पैसे वाचवायचे तर घरून सतरंजी आणि दोन ब्लँकेटं न्या. रात्री थंडी वाजतेच, आणि स्वतःची गाडी असताना सामानाला कोण अडवतंय?

खाण्यात आमचे पैसे वाचले. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवड्याचा डबा दोन दिवस पुरला. फक्त धबधब्याजवळ डबा उघडू नका. माकडं आमच्या अर्ध्या पुऱ्या घेऊन गेली आणि मग मॅगी विकत घ्यावीच लागली, तिथल्या भावाने.

इंग्रजांच्या काळात नागपूरची अख्खी कचेरी उन्हाळ्यात इकडे हलायची. त्यांचा खर्च सरकारी होता, आपण खिशातून जातो, म्हणून मुहूर्त बघून निघा. नागपंचमीच्या आगेमागे नागद्वारीची यात्रा असते आणि महाशिवरात्रीला चौरागडची. अर्धा विदर्भ तिथे लोटतो, मुलाबाळांना घेऊन खोली शोधायची ती वेळ नव्हे. लांब वीकेंडही टाळा. शाळेची सुट्टी असेल तर सोमवारी निघून गुरुवारी परता, खोलीवाला आपणहून भाव उतरवतो. जिप्सीवाला उतरवत नाही, त्याच्याशी घासाघीस करावीच लागते.