स्वस्त ई-सायकल बॅटरीची झडती : लेबलवर २०, हातात ९

मंडळी, मागच्या लॉगमध्ये सायकलला हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) बसली होती आणि काम बॅटरीपाशी अडलं होतं. ती आली. निळ्या पीव्हीसी वेष्टनातला ३६ व्होल्टचा पॅक, लेबलवर १० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) आणि २० अँपिअर. किंमत ब्रँडेड पॅकच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे सायकलला जोडायच्या आधी तो टेबलावर घेतला.

आधी त्या २० चं. हा आकडा आतल्या बीएमएसचा, म्हणजे सेलवर पहारा ठेवून गरज पडली की करंट तोडणाऱ्या सर्किटचा असतो. किती करंटपर्यंत बीएमएस गप्प बसेल एवढंच तो सांगतो. सेलना ते झेपेल का, याची हमी त्यात नाही. विकणारे मात्र तोच आकडा बॅटरीचा म्हणून छापतात.

वजनाची परीक्षा पॅकने पास केली. १०एस ४पी म्हणजे चार-चार सेल समांतर जोडलेले दहा गट सिरीजमध्ये, एकूण ४० सेल; १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चा एक सेल साधारण ४५ ग्रॅम, म्हणजे नुसते सेल १.८ किलो. काट्यावर २.१ किलो भरले. सेल खरंच आहेत, आत वाळू भरलेली नाही. पण वजनावरून दर्जा कळत नाही, कारण २००० एमएएचचा (हजार एमएएच म्हणजे १ एएच) आणि २५०० चा सेल काट्यावर जवळपास सारखाच. ४८ व्होल्ट २० एएच म्हणून अडीच किलोचा पॅक कुणी गळ्यात मारत असेल तर मात्र वजनच पुरे. १८६५० मध्ये ३५०० एमएएच ही व्यवहारातली कमाल धरा; १३एस ६पी म्हणजे ७८ सेल, नुसते सेलच साडेतीन किलो.

लोड म्हणून नाना पेठेतून १२ व्होल्ट ५५ वॉटचे गाडीचे हॅलोजन आणले. तीन बल्ब सिरीजमध्ये, अशा दोन माळा. पूर्ण चार्ज पॅक ४२ व्होल्टचा, म्हणजे प्रत्येक बल्बला १४. गाडीत ते एवढं रोज सोसतातच. एका माळेला साधारण साडेचार अँपिअर लागतात. दोन्ही माळा एकदम लावू नका. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स फारच कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी करंट कितीतरी पट उसळतो आणि बीएमएसला शॉर्ट झाल्यासारखं वाटून ते ट्रिप होतं. एक पेटली की दुसरी. काम फरशीवर, हातातली अंगठी काढून, शेजारी वाळूची बादली.

आता मुख्य मोजमाप. लोड नसताना ३९.८ व्होल्ट. दोन माळांवर वॉटमीटर ९.४ अँपिअर दाखवत होता आणि व्होल्टेज ३७.५ वर आलं. २.३ व्होल्टची घसरण भागिले ९.४, म्हणजे पॅकचा अंतर्गत रेझिस्टन्स सुमारे २४५ मिलिओहम. माझ्या मते स्वस्त बॅटरीची कुंडली या एका आकड्यात असते; एएच नंतर बघा.

एवढा रेझिस्टन्स खातंय कोण? आपल्यात पहिला संशय सेल एकमेकांना जोडणाऱ्या निकेल पट्टीवर जातो. वेष्टन उघडलं तेव्हा संशयाला जागा होती: दोन गटांच्या मध्ये चार पट्ट्या हव्यात तिथे दोनच, आणि त्याही निकेल मुलामा दिलेल्या स्टीलच्या. (चुंबक लावून काही कळत नाही, शुद्ध निकेलही चिकटतं. पट्टीचा तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात ठेवा, स्टील असेल तर गंज धरतं.) पण करंट चालू ठेवून मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावला आणि दोन गटांमधल्या पट्टीच्या दोन टोकांना टेकवला, तर जेमतेम ११ मिलिव्होल्ट. म्हणजे १ मिलिओहमच्या थोडं वर. असे नऊ सांधे धरले तरी ११ मिलिओहमच्या आत. बीएमएसमध्ये १६, वायरमध्ये ८. उरलेले २१० सेलचे! दहाने भागून चारने गुणलं की एका सेलला ८४ मिलिओहम. चांगल्या पॉवर सेलचा (जास्त करंट द्यायला बनवलेल्या) डीसी रेझिस्टन्स २० ते ३० असतो. पट्टी हलकी आहे खरी, पण गुन्हेगार ती नाही. हे सेल लॅपटॉपछाप आहेत, सावकाश करंट द्यायला बनवलेले.

कपॅसिटीसाठी एकच माळ लावून बीएमएस कट होईपर्यंत चालवलं. ८.१ एएच, २९१ वॉट-अवर. कट झालं तेव्हा पॅक ३२.२ व्होल्टवर होता, म्हणजे अजून जीव होता. बॅलन्स वायरवर (प्रत्येक गटापासून बीएमएसकडे जाणाऱ्या बारीक वायर) व्होल्टेज बघितलं तर सातवा गट २.८ ला आणि बाकीचे ३.२७ च्या आसपास. इथे एक खात्री करून घ्यावी लागते. सातवा गट कमकुवत आहे की नुसता मागे राहिलाय? पूर्ण चार्ज केल्यावर तो बाकीच्यांच्या खाली दिसला असता तर चार्जर लावून ठेवून बॅलन्स होऊ दिला असता. पण तो ४.१८, बाकीचे ४.१७ ते ४.१९. भरतो पूर्ण आणि संपतो सगळ्यांच्या आधी. त्या चारांपैकी एखादा सेल नावालाच आहे किंवा एखादा वेल्ड सुटलाय.

मग या पॅकवर किती ताण टाकायचा? माझा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला करंट देणारा डबा) कमाल १५ अँपिअर ओढतो. १५ चा वर्ग गुणिले ०.२४५, म्हणजे ५५ वॉट उष्णता पॅकच्या आतच, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये. शिवाय १५ अँपिअरला ३.७ व्होल्ट घसरतात. कंट्रोलर ३१ ला कट करतो, म्हणजे बॅटरी ३४.७ वर असतानाच चढावर मोटर बंद, आणि सपाटीवर आलं की पुन्हा चालू. "चढावर बंद पडते, घरी आल्यावर चार्ज दाखवते" ही नेहमीची तक्रार बऱ्याचदा हीच असते. कंट्रोलर बदलून ती जात नाही.

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये करंटची मर्यादा असते, माझ्याकडे ती पी१४ मध्ये आहे. तिथे ९ केलं. आतली उष्णता २० वॉटवर आली. ३६ गुणिले ९ म्हणजे सव्वातीनशे वॉट, मोटरची कार्यक्षमता धरली तर चाकाला अडीचशेच्या आसपास. बिनानोंदणी ई-सायकलला आपल्याकडे २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरचीच मुभा आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. चांदणी चौकाच्या चढावर पायडल मारावंच लागतं. पाच टक्के चढावर ९५ किलो ओझं ताशी १२ ने न्यायला साधारण १९० वॉट लागतात. पण एवढ्या कमी वेगात हब मोटर निम्मी ताकद उष्णतेतच घालवते. तेवढं पायांनी भरून काढायचं.

पुढचं काम सातव्या गटाचं. चारही सेल सुटे करून एकेकाचा रेझिस्टन्स मोजणार, आणि नवीन टाकायचे तर चारही त्याच कपॅसिटीचे शोधणार. चांगला ३५०० चा सेल तिथे टाकून फायदा शून्य, बाकीचे नऊ गट त्याला तिथवर जाऊच देणार नाहीत. स्पॉट वेल्डर कुणाकडे असेल तर कळवा, बॅटरीवर सोल्डरिंग आयर्न टेकवायची माझी तयारी नाही.