काटेरी तारेची चुंबळ

गेल्या शनिवारी मी दिवसभर काटेरी तार गुंडाळली. मजुरी शून्य, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यापर्यंतचं पेट्रोल माझंच, आणि हातमोज्यातून आरपार दोन काटे घुसले ते वेगळेच. (आई, तू विचारायच्या आधीच सांगतो: धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय.)

मला तिथे नेलं ऑफिसातल्या एका मित्राने. तो शिकारी आहे. दर ऑक्टोबरात आठवडाभर गायब होतो आणि परत आला की वर्षभराच्या मांसाने फ्रीझर भरतो. दोन वर्षं मी त्याला टोचत आलोय, की मारायचं तुम्हीच आणि वाचवायच्या गप्पाही तुम्हीच. मी स्वतः दर रविवारी मटण खातो, पण तो बोकड खाटकाने कापलेला असतो, त्यामुळे माझे हात स्वच्छ. शेवटी तो वैतागून म्हणाला, शनिवारी चल, बंदूक नाही, पक्कड घ्यायची आहे.

कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून वायोमिंगमधलं लॅरामी तासाभरावर. तिथून पुढे कार्बन काउंटीत शिरलं की दोन्ही बाजूंना राखाडी झुडपांचा नुसता माळ. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर उन्हाळ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं, फक्त वारा असा की टोपी गेली ती गेलीच.

या माळावर प्रॉन्गहॉर्न राहतो. लांबून पाहिलं तर आपलं चिंकाराच वाटेल, पण हा ना हरणांतला ना काळविटांतला. आज हयात असलेल्यांत त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. ताशी ८५-९० किलोमीटरने पळतो. आणि एवढा पळणारा प्राणी चार फुटी कुंपणापाशी येऊन अडतो, कारण उडी मारायची त्याला सवयच नाही. पिढ्यान् पिढ्या मोकळ्या माळावर काढल्या, उडी मारावी असं समोर काही आलंच नाही. मग तो खालच्या तारेखालून सरपटतो. पाठीचे केस, कधी कातडं तारेला राहतं. हिवाळ्यात बर्फ साचला की ती फटही बुजते आणि स्थलांतराला निघालेले कळप तिथेच खोळंबतात.

आमचं काम एवढंच होतं: एक जुनं, कुणाच्याच उपयोगाचं न राहिलेलं कुंपण उखडायचं, आणि गुरांसाठी जे ठेवायचं त्याची खालची तार काढून तिथे बिनकाट्याची तार ओढायची, जमिनीपासून १६ इंचांच्या खाली नाही, जमलं तर १८.

एवढंच म्हणालो खरं. पण ताणलेली तार तोडली की ती नागासारखी उसळून येते. माझी पहिली तार कानाजवळून गेली. तेव्हा शेजारी काम करणाऱ्या सत्तरीच्या एका बाईंनी माझ्या हातातली पक्कड काढून घेतली आणि शिकवलं. आधी तारेवर बूट ठेवायचा, मग तोडायची. कुजक्या लाकडी खांबातले यू आकाराचे खिळे पकडीच्या चोचीने उचकटायचे, ओढायचे नाहीत. मग तारेचं हातभर कडं करायचं आणि पुढचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यांतून आतबाहेर घालत जायचा, म्हणजे काटे काट्यांत अडकून कडं सुटत नाही. मला एकदम आजीची चुंबळ आठवली, घागरीखालची. तस्सा पीळ. बाईंना ते सांगायला गेलो, पण चुंबळ इंग्रजीत सांगेपर्यंत त्यांचं दुसरं कडं झालं होतं. दिवसाअखेर त्यांची अकरा, माझी चार. त्यांतलं एक ट्रकमध्ये टाकताना सुटलं.

जेवताना समोर एल्क माउंटन दिसत होता. इथला प्रसिद्ध खटला त्याच डोंगराचा. १८६२ पासून रेल्वे कंपन्यांना इथे चौरस मैलांचे तुकडे एकाआड एक देण्यात आले, म्हणून नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा: एक घर खासगी, एक सरकारी. सरकारी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. २०२१ मध्ये मिसूरीच्या चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर लोखंडी शिडी उभी केली आणि खासगी मातीला पाय न लावता पलीकडच्या सरकारी घरात उतरले. खासगी घरांचा मालक म्हणाला, जमिनीवरची हवाही माझी. फौजदारी खटल्यात ज्यूरीने २०२२ मध्ये चौघांना निर्दोष सोडलं. मालकाचा दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. हे सांगताना माझ्या मित्राच्या आवाजात जो ताठा होता तो मला झोंबला. ‘आमची जमीन’ म्हणत होता. सरकारी जमिनीला.

मीही मग ऐकवलं. म्हटलं, आमच्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आमच्या काळविटाला जगायला शिकाऱ्याचा आधार लागत नाही. तो शांतपणे म्हणाला, रायफलींवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो आम्ही भरतो आणि १९३७ च्या कायद्याने तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. वर विचारलं, तुमच्याकडे तारा काढायला कोण जातं? मी म्हटलं, विषय वेगळा आहे.

आहेच वेगळा. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकाचं अभयारण्य झालं ते कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं, गावं, तालुक्याची ठिकाणंसुद्धा. वर्षानुवर्षं लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, तर त्यांनी पक्ष्यावर प्रेम कशाने करावं? आणि ‘आमची जमीन’ म्हणायला आमच्याकडे गायरान होतं की. किती उरलंय ते ज्याच्या त्याच्या गावाने बघावं.

संध्याकाळी शेवटचं काम म्हणून रस्त्याकडेला एक फाटक बसवलं, माणूस वळून आत जाईल पण गाय जाणार नाही असं. शेजारी पाटी ठोकली: इथून चालत जा. मी पहिला आत जाऊन आलो. आत काहीच नाही, झुडपं आणि वारा. तरी दोनदा जाऊन आलो.

आता खरं सांगतो. गावाबाहेर माझा अर्धा एकर आहे. तीन वर्षांपूर्वी इथे बसून फोनवरून त्याला कुंपण घालून घेतलं. पाच तारा, काटेरी. न घालून करतो काय, परदेशातल्या माणसाची मोकळी जमीन सहा महिन्यांत दुसऱ्याची होते. आणि आमचं काळवीट उडी मारतं, हा मुद्दा राहतोच.

रविवारी चुलतभावाला मेसेज केला: खालची तार जमिनीपासून किती इंचांवर आहे रे, मोजून सांग. त्याने फोटो पाठवला, शेजारी पट्टी नाही, चप्पल ठेवलेली. खाली लिहिलं होतं, ‘दादा, वीतभर. का, डुक्कर घुसलं का कुणाचं?’