वॉलरस ते हॉबिट : ऑक्सफर्डमधला एक दिवस

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून ऑक्सफर्डला जाणारी गाडी तासाभरात पोहोचते. 2023 च्या जून महिन्यातल्या एका दिवशी मी आणि माझा भाचा त्या गाडीत बसलो, तेव्हा आमच्या दोघांच्या मनातले ऑक्सफर्ड निरनिराळे होते. त्याने जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या कादंबऱ्यांवरचे चित्रपट शाळेत असताना पाहिले होते आणि अंगठी, जादूगार, बुटके, ड्रॅगन हे त्याचे टॉल्कीन होते. मी अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी भाषेचा इतिहास शिकवला. 'हस्त'चा 'हात' कसा झाला आणि 'कर्ण'चा 'कान' कसा झाला हे फळ्यावर लिहिण्यात माझी उमेद गेली. त्यामुळे आयुष्यभर जुन्या इंग्रजीचे अध्यापन केलेला, आणि त्या अध्यापनातून उरलेल्या रात्रींत एक अख्खे जग रचणारा प्राध्यापक हे माझे टॉल्कीन होते. कुठून सुरुवात करायची यावर गाडीत थोडा वाद झाला आणि वयाच्या जोरावर मी जिंकले.

म्हणून आम्ही दुपारी बाराच्या सुमारास ब्रॉड स्ट्रीटवरच्या विज्ञान-इतिहासाच्या संग्रहालयापाशी उभे होतो. तिथे प्रवेश विनामूल्य आहे आणि बहुतेक प्रवासी तळघरातला आइन्स्टाइन यांचा फळा बघायला येतात. 1931 साली व्याख्यानात त्यांनी त्यावर लिहिलेली समीकरणे तशीच जपलेली आहेत. आम्ही आलो होतो ते या इमारतीच्या दुसऱ्या एका काळासाठी. जुने अ‍ॅशमोलियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच वास्तूत ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचे कार्यालय होते, आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या टॉल्कीन यांना पहिली नोकरी मिळाली ती इथे, कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांच्या हाताखाली. कोश तोवर वर्णमालेच्या शेवटाकडे पोहोचला होता. 'डब्ल्यू'पासून सुरू होणारे शब्द त्यांच्या वाट्याला आले : 'वॉर्म', 'वॉस्प', 'वॉटर', 'विंटर', 'वॉलनट', 'वॉलरस'.

यांतला 'वॉलरस' हा शब्द फार छळणारा आहे. ध्रुवप्रदेशातल्या त्या सुळेवाल्या प्राण्याचे हे नाव डच भाषेतून इंग्रजीत आले, पण त्यामागे 'देवमासा' आणि 'घोडा' या अर्थांच्या उत्तरेकडच्या शब्दांची अशी सरमिसळ आहे, आणि घटकांचा क्रम असा उलटसुलट झालेला आहे, की टॉल्कीन यांनी त्याची व्युत्पत्ती पुन:पुन्हा लिहून पाहिली. ज्यांनी कधी कोशाच्या चिठ्ठ्या हाताळल्या आहेत, त्यांना या खोडाखोडीतले सुख आणि दु:ख दोन्ही कळेल. आपल्याकडे दाते आणि कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 या काळात काढले, त्यांच्या टेबलावरही असे कितीतरी 'वॉलरस' पडून राहिले असतील. कोशातल्या त्या जेमतेम दोन वर्षांत आपण जेवढे शिकलो तेवढे तितक्याच अवधीत आयुष्यात पुन्हा कधी शिकलो नाही, असे टॉल्कीन पुढे सांगत.

संग्रहालयातून बाहेर पडून टर्ल स्ट्रीटवर वळले की एक्झेटर कॉलेज लागते. 1911 साली टॉल्कीन इथे ग्रीक-लॅटिन शिकायला आले. त्याआधीचे त्यांचे आयुष्य थोडक्यात सांगायचे तर पोरकेपणाचे होते. जन्म 3 जानेवारी 1892 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन येथे. वडील चौथ्या वर्षी गेले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल नावाच्या खेड्यात आईने दोन मुलांना वाढवले, स्वत: लॅटिन शिकवले, आणि 1904 साली मधुमेहाने तीही गेली. इन्शुलिनचा शोध त्यानंतर सतरा वर्षांनी लागला. पुढचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या कॅथलिक धर्मगुरूंनी निभावले.

एक्झेटरच्या प्रार्थनामंदिरात टॉल्कीन यांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. त्यांच्या सूनबाई फेथ यांनी तो घडवला. भाचा पुतळ्याचे छायाचित्र काढत होता आणि मी या कॉलेजच्या ग्रंथालयाचा विचार करत होते, कारण खरी गोष्ट तिथे घडली. नेमलेला अभ्यास बाजूला ठेवून या मुलाने ग्रंथालयातून फिनिश भाषेचे एक व्याकरण काढले आणि त्या भाषेच्या नादाने तो अक्षरश: झिंगला. परिणाम व्हायचा तोच झाला : 1913 च्या परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला आणि त्याला विषय बदलून इंग्रजी भाषा व साहित्याकडे जावे लागले. तिथे 1915 साली पहिला वर्ग मिळाला. त्यांच्या शिक्षकांपैकी जोसेफ राइट यांच्याविषयी मला फार ममत्व आहे. लहानपणी लोकरीच्या गिरणीत राबलेला, वयाच्या पंधराव्या वर्षी वाचायला शिकलेला हा माणूस ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश संपादित केला. या राइट यांचे गॉथिक भाषेवरचे प्राथमिक पुस्तक टॉल्कीन यांच्या हाती शाळेतच पडले होते.

"आत्या, पण त्याने भाषा खरंच बनवल्या का, की नुसते शब्द?" भाच्याने विचारले. एखाद्या लेखकाने विचित्र नावे रचणे निराळे आणि टॉल्कीन यांनी केले ते निराळे. त्यांच्या कथांतल्या एल्फ या कल्पित अमर लोकांच्या दोन प्रमुख भाषा आहेत. क्वेन्या भाषेचा नाद फिनिशच्या वळणाचा आहे आणि सिंदारिनचा वेल्शच्या. या दोन्ही त्यांनी एका कल्पित मूळ भाषेतून, नियमित ध्वनिपरिवर्तनाने उतरवल्या. हंसाला क्वेन्यात 'आल्क्वा' म्हणतात आणि सिंदारिनमध्ये 'आल्फ'. मुळातला 'क्व' ध्वनी एका शाखेत टिकला आणि दुसरीत ओठांवर सरकला. झाडाला एकीकडे 'आल्दा', दुसरीकडे 'गालाध'. मुळातला 'ग' पहिलीने टाकला, दुसरीने राखला. 'पाद'चा 'पाय' होताना मधला 'द' गळतो, हे ज्याने फळ्यावर लिहिले आहे त्याला इथे घरच्यासारखे वाटते. भाषा बदलतात त्या बोलणारी माणसे दुरावतात म्हणून. तेव्हा दोन भाषा हव्या असतील तर दुरावा हवा, स्थलांतर हवे, युद्ध हवे, म्हणजेच इतिहास हवा. कथा या भाषांना जग मिळावे म्हणून रचल्या गेल्या, भाषा कथांसाठी नव्हेत, असे टॉल्कीन यांनी स्वत: लिहून ठेवले आहे आणि त्यांच्या पुष्कळ वाचकांना ती गंमत वाटते. मला ते विधान शब्दश: खरे वाटते.

त्यांनी केलेल्या लिपीविषयी तर मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरजच नाही. तेंग्वार या लिपीची प्रमुख चोवीस अक्षरे चार वर्गांत मांडलेली आहेत : दंत्य, ओष्ठ्य, कंठ्य आणि कंठ्यातच ओठांचा गोलावा मिळवलेला चौथा. प्रत्येक वर्गात अघोष, सघोष, घर्षक (हवा घासत बाहेर पडणारे), अनुनासिक असे ध्वनी पायरीपायरीने येतात आणि स्वर बहुधा व्यंजनाच्या डोक्यावर चिन्हाच्या रूपाने बसतात. इंग्रजी मुलाला 'ए, बी, सी' या क्रमात कसलेही तर्कशास्त्र सापडत नाही. 'क, ख, ग, घ, ङ' म्हणत मोठ्या झालेल्या आपल्याला तेंग्वारचा तक्ता पाहताच ओळख पटते. एका बाबतीत ती लिपी आपल्याही पुढे जाते : अक्षराचा गोल दुप्पट केला की ध्वनी सघोष होतो, दांडा वर उचलला की घर्षक. आपल्या 'क' आणि 'ग' यांच्या आकारात असे कोणतेही नाते नाही. टॉल्कीन यांनी देवनागरीवरून काही उचलले असा दावा मी करणार नाही.

सेंट जाइल्स रस्त्यावर 'ईगल अँड चाइल्ड' हा पब बंद होता. 2020 मध्ये महासाथीच्या काळात त्याला टाळे लागले ते आम्ही गेलो तेव्हाही तसेच होते. इथेच टॉल्कीन, लेखक सी. एस. लुइस आणि त्यांचे 'इंकलिंग्ज' हे मित्रमंडळ मंगळवारी सकाळी जमत असे. धुळकट काचेतून आत डोकावण्यापलीकडे काही करता येईना, तेव्हा आम्ही समोरच्या 'लँब अँड फ्लॅग'मध्ये बसलो, जिथे हे मंडळ पुढे पुढे जाऊ लागले होते. उकडलेल्या बटाट्याचे काहीतरी खाल्ले. त्याविषयी न लिहिणेच बरे.

तिथून बॅनबरी रस्त्याने उत्तरेला चालत गेलो. नॉर्थमूर रोड ही शांत, झाडांची गल्ली आहे आणि 20 क्रमांकाच्या घरावर निळी पाटी आहे. 1930 ते 1947 टॉल्कीन इथे राहिले. 'द हॉबिट' इथे पूर्ण झाले आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा बहुतांश भाग इथेच लिहिला गेला. चार मुले, वाढता खर्च आणि त्यासाठी दर उन्हाळ्यात पत्करलेले शालान्त परीक्षेचे पेपर तपासण्याचे काम, हे सगळे या घरातले. अशाच एका उत्तरपत्रिकेत एक पान कोरे सापडले आणि त्यावर त्यांनी जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिटविषयीचे पहिले वाक्य लिहिले. हॉबिट म्हणजे काय हे त्यांना स्वत:लाही तेव्हा ठाऊक नव्हते. आधी शब्द आला, मग त्याचा अर्थ शोधणे आले. ही कोशकाराचीच सवय. ढीगभर उत्तरपत्रिका मीही तपासल्या आहेत आणि कोरे पान सापडल्याचा आनंद मला ठाऊक आहे, मात्र मी त्यावर फक्त लाल रेघ मारली.

पुस्तक 1937 च्या सप्टेंबरमध्ये निघाले. त्याच्या दहा महिने आधी याच प्राध्यापकाने ब्रिटिश अकादमीत 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यावर व्याख्यान दिले होते. विद्वान मंडळी या काव्यात इतिहासाचे तुकडे शोधत आणि त्यातले राक्षस व ड्रॅगन पाहून खंत करत. काव्याचा गाभा हे राक्षसच आहेत, असे टॉल्कीन यांनी ठणकावून सांगितले. 'हॉबिट'मधला पेला चोरणारा बिल्बो आणि त्यामुळे चवताळणारा ड्रॅगन हे थेट 'बेओवुल्फ'मधून आले आहेत, तर बुटक्यांची नावे जुन्या नॉर्स काव्यातल्या नामावळीतून. अध्यापन आणि गोष्ट यांत भिंत अशी नव्हतीच.

आणि हॉबिट हा शब्द शेवटी कोशात गेला. ऑक्सफर्ड कोशाच्या पुरवणीचे संपादक रॉबर्ट बर्चफील्ड हे टॉल्कीन यांचे विद्यार्थी. त्यांनी या शब्दाच्या नोंदीविषयी आपल्या गुरूंचेच मत मागवले. पुरवणीचा तो खंड 1976 साली आला, तेव्हा टॉल्कीन हयात नव्हते.

संध्याकाळी बसने वुल्व्हरकोट दफनभूमीत पोहोचलो. टॉल्कीन यांच्या थडग्याकडे जाणाऱ्या वाटेवर छोट्या पाट्या लावल्या आहेत, त्यामुळे शोधावे लागत नाही. करड्या ग्रॅनाइटच्या एकाच शिळेवर दोन नावे आहेत. एडिथ मेरी टॉल्कीन, लुथियन, 1889–1971. जॉन रोनाल्ड रूएल टॉल्कीन, बेरेन, 1892–1973. 1917 साली यॉर्कशायरमधल्या रूस गावाजवळच्या रानात एडिथ त्यांच्यासाठी नाचल्या होत्या आणि त्या क्षणातून मर्त्य बेरेन व अमर एल्फकन्या लुथियन यांची कथा उगवली. मृतांच्या अधिपतीसमोर गाऊन लुथियन आपल्या पतीला परत मागते आणि त्याच्याबरोबर मरण पत्करते. वटपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. सावित्रीची आठवण आल्यावाचून राहिली नाही, जरी सावित्री वादात जिंकते आणि लुथियन गाण्याने.

थडग्यापाशी लोकांनी पेने, नाणी आणि स्वस्त अंगठ्या ठेवल्या होत्या. एका दगडाखाली दुमडलेला कागद होता, त्याची वरची बाजू उघडी पडली होती आणि त्यावर तेंग्वार अक्षरांची एक ओळ होती. मी वहीतला तक्ता काढला आणि वाकून एकेक अक्षर लावू लागले. ओष्ठ्य अनुनासिक : म. मग र. मग दंत्य सघोष : द. स्वरचिन्हे मात्र सकाळच्या पावसात पुसून गेली होती, त्यामुळे शब्द लागेना. मोडीचा जुना कागद वाचताना ऱ्हस्व-दीर्घाच्या जागी अंदाज करावा लागतो, तसेच काहीसे झाले. भाचा दोनदा म्हणाला, "आत्या, बस येईल." मी कागद होता तसा दगडाखाली ठेवला आणि तीन व्यंजने वहीत टिपून घेतली.