रुग्णाच्या तोंडचे नाव

केस पेपरवर ‘तक्रार’ या रकान्यात रुग्णाचा शब्द आहे तसाच लिहावा, त्याचे लगेच वैद्यकीय परिभाषेत रूपांतर करू नये, हे माझे मत परभणीत त्वचारोगांची प्रॅक्टिस करता करता पक्के होत गेले आहे. मॅक्यूल म्हणजे सपाट डाग, पॅप्यूल म्हणजे एक सेंटिमीटरहून लहान उंचवटा, व्हेसिकल म्हणजे पाणी धरलेला बारीक फोड, ही पुस्तकातली परिभाषा हवीच. ती नसेल तर नांदेडच्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी लातूरच्या डॉक्टरांना नीट कळणार नाही. परंतु ही परिभाषा त्वचेवर काय दिसते एवढेच सांगते. रुग्णाने आजार काय समजला, तो कोणाकडे जाऊन आला आणि काय लावून आला, हे त्याच्या स्वतःच्या शब्दातून कळते.

‘नागीण’ हा शब्द ऐकला की सदरा वर करण्याआधीच मला अंदाज येतो, की फोडांवर गेरू थापलेला असणार. बहुतेक वेळा तो असतोच, आणि फोड पाहण्यासाठी ओल्या कापसाने तो हळूहळू सोडवण्यातच पाच मिनिटे जातात. “साहेब, तोंड अन् शेपूट मिळालं की माणूस जातो म्हणतात, खरं हाय का?” हा प्रश्न रुग्णापेक्षा त्याच्यासोबत आलेली आई किंवा चुलती विचारते. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींमध्ये वर्षानुवर्षे दडून राहतो आणि वय झाले किंवा प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या चेतातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. त्या चेतातंतूचा इलाका शरीराच्या एकाच बाजूला असल्यामुळे फोडांचा पट्टा सहसा मध्यरेषेशी थांबतो; तोंड आणि शेपूट जुळत नाही ते यामुळे. ग्रीकांना याच पट्ट्यात कमरपट्टा दिसला आणि त्यांच्या त्या शब्दावरून नागिणीला झोस्टर हे वैद्यकीय नाव आले. नावाविषयी माझी तक्रार नाही, दिवस वाया जाण्याविषयी आहे. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा खरा उपयोग होतो, आणि नागीण उतरवणाऱ्याकडच्या फेऱ्यांत नेमके तेच तास निघून जातात. उतारवयात फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने होणारी आग फार छळते. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणे भाग असते.

खरजेचे उलट आहे. तो शब्द कोणी उच्चारतच नाही, कारण त्यात अस्वच्छतेचा ठपका दडलेला आहे. ‘उष्णता झाली’, ‘रक्त बिघडलं’ असे सांगितले जाते. हंगाम संपवून गावी परतलेल्या ऊसतोड कुटुंबांत ही तक्रार मी हमखास पाहतो. फडाजवळच्या कोपीत सगळे घर एकाच अंथरुणावर निजते आणि खरजेच्या किड्याला तेवढे पुरते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतले आणि मनगटावरचे बारीक पुरळ, घरातल्या आणखी दोघा-तिघांना तोच त्रास, एवढ्यावर निदान होते. पाच टक्क्यांचे परमेथ्रिन हे किडा मारणारे मलम मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे असते. ज्याला खाजत नाही तोही लावतो तेव्हाच आजार घरातून जातो, आणि हेच पटवणे सर्वांत अवघड असते.

‘नायटा’ म्हटले की मी ट्यूब दाखवा म्हणतो. गजकर्ण, नायटा, दाद आणि पुष्कळदा इसबसुद्धा एकाच श्वासात सांगितले जाते. औषधाच्या दुकानातही तेवढेच बोलून स्टेरॉईड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली ट्यूब हातात पडते. इसब ही त्वचेची दाह होण्याची प्रवृत्ती आहे, तिला योग्य ताकदीचे स्टेरॉईड लागते. गजकर्ण ही बुरशी आहे, तिला स्टेरॉईड म्हणजे आयते खतपाणी. खाज दोन दिवसांत थांबते, गोल कडा पुसट होते आणि बुरशी मात्र जांघेतून पोटावर पसरते. अशा मलमांना २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीची मोकळीक उरलेली नाही, तरी चुरगळलेली ट्यूब प्रत्येक पिशवीत निघते. त्यातच टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी बुरशी देशभर पसरली असल्याने जुने गजकर्ण आता पंधरा दिवसांच्या गोळ्यांत आवरत नाही.

सर्वांत सांभाळून ऐकावा लागणारा शब्द ‘कोड’. त्याला श्वेतकुष्ठ म्हणण्याची जुनी रीत आहे आणि तिने मुलींची लग्ने मोडली आहेत. कोडाचा जंतूशी काहीही संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्वचा दुधासारखी पांढरी पडते. तिथे स्पर्श मात्र शाबूत असतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, तो सहसा खाजत नाही, दुखत नाही आणि बधिर असतो. डोळे मिटायला सांगून कापसाची वात चट्ट्यावर टेकवायची आणि जिथे लागले तिथे बोट ठेवायला सांगायचे. बोट भलतीकडे गेले किंवा उचललेच गेले नाही, की कोपराच्या मागची नस जाड झाली आहे का हे चाचपून पाहायचे. नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलेल्या कुष्ठरोगाच्या जंतूवर बहुविध औषधोपचार, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधे एकत्र, आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. त्यामुळे हा चट्टा कोड समजून घरात लपवून ठेवणे हे कोडाला कुष्ठ म्हणण्याइतकेच नुकसानीचे आहे. नस कायमची दुखावली की नंतरची औषधे जंतू मारतात, पण वाकडी झालेली बोटे त्यांनी सरळ होत नाहीत.

घरच्यांसमोर ‘महारोग’ हा शब्द मी वापरत नाही, मात्र कुष्ठरोग हे नावही दडवत नाही. सासरची मंडळी सोबत असतील तर हेही सांगतो, की कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकले आहे. हे ऐकून काही जण गप्प होतात, काही जण पुन्हा विचारून खात्री करून घेतात. औषधाचे पहिले पाकीट मात्र त्याच दिवशी सुरू करायला लावतो.