मोर आणि दूधवाले आजोबा

आज सकाळी सातला बेळगावात टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं एका कंपाऊंडवर मोर रंगवलाय नव्हं, त्याचा फोटो काढायला गेलतो. समोरनं दहा-बारा काढले, सगळे कॅलेंडरसारखे, चित्र दुसऱ्याचं, त्यात माझं काय? मग कोवळं ऊन भिंतीला तिरकं घासून जायला लागलं आणि ब्रशचे फराटे, रंगाचे पोपडे, खालच्या कन्नड-मराठी पोस्टरांची वाळलेली खळ, सगळं उठून दिसलं. मोबाईल प्रो मोडला (सगळं सेटिंग आपल्या हातानं), शटर हळू ठेवलं, कोपर खांबाला टेकवून थांबलो, भिंत शार्प आणि पुढनं गेलेली रिक्षा नुसता पिवळा पट्टा. भारी!

तेवढ्यात सायकलला दुधाचे कॅन अडकवून एक आजोबा आले. "काय काढालास रे बाळ?" मोर म्हटलं. "मग मी बाजूला होतो की." नको, तिथंच थांबा म्हटलं, बरोबर डोक्यामागं पिसारा! विचारून काढला, दाखवला तर पोट धरून हसले, "म्हातारीला दाखवायला पायजे," म्हणून नातवाच्या व्हॉट्सॲपवर पाठवून घेतला.

कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे, पण अर्धी पानाच्या पिचकारीखाली गेलीय (थुंकणाऱ्याला काय म्हणावं). कुणाला नाव माहीत असलं तर सांगा, त्याशिवाय फोटो टाकणं बरं वाटंना.