चॅम्फरिंग टूलचे आयुष्य हॉबिंग मशीनवरच ठरते

भोसरी-चाकण पट्ट्यातील गिअर कारखान्यांत हॉबच्या, म्हणजे गिअरचे दात कापणाऱ्या कटरच्या, प्रत्येक रीग्राइंडिंगची (पुन्हा धार लावण्याची) नोंद ठेवली जाते. गिअरच्या दाताची धारदार कड तिरपी करणाऱ्या (तिला चॅम्फर देणाऱ्या) चॅम्फरिंग टूलकडे मात्र त्याचा दात तुटेपर्यंत फारसे लक्ष जात नाही, असे माझे निरीक्षण आहे. दाताच्या कडेला चॅम्फर नीट पडला नाही, तर कार्ब्युरायझिंग (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणे) करताना त्या धारदार कडेत दोन्ही बाजूंनी कार्बन शिरतो, कड ठिसूळ होते आणि पुढे गिअरबॉक्स चालू असताना तिचा टवका उडतो. म्हणून हे काम दुय्यम समजणे मला पटत नाही.

आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या रोलिंग पद्धतीत चॅम्फरिंग टूल गिअरशी दातात दात घालून फिरते आणि कड कापण्याऐवजी दाबते. दाबला गेलेला धातू गिअरच्या बाजूच्या सपाट फेसवर सरकतो आणि तिथून डिबरिंग कटर त्याला खरवडून काढते. थोडा धातू फ्लँकवरही (दाताच्या बाजूच्या पृष्ठभागावर) उचलला जातो. ही दाबण्याची क्रिया स्वच्छ कडेवर व्हावी, अशी टूलची रचना असते. हॉबची धार गेलेली असेल, तर हॉब ज्या बाजूने बाहेर पडतो तिथे जाड, मुळाशी घट्ट चिकटलेली बर (कापताना कडेला राहिलेला धातूचा पापुद्रा) उरते आणि चॅम्फरिंग टूलला आधी तिच्याशीच झुंजावे लागते. अशा टूलचा दात भिंगाखाली धरला, तर सारखी झीज दिसत नाही. एकाच कडेला बारीक टवके आणि त्यांच्या शेजारी चिकटलेल्या धातूचा थर दिसतो. हा दोष टूलच्या पोलादाचा नसून आधीच्या ऑपरेशनचा आहे. हॉब वेळेवर उतरवणे आणि हॉबिंग फिक्सचरची आधार-प्लेट दातांच्या तळाच्या शक्य तितक्या जवळपर्यंत नेणे, हे उपाय महागडे कोटिंग घेण्याच्या आधी करावेत, असे माझे ठाम मत आहे.

हेलिकल गिअरमध्ये दाताची एक कड लघुकोनी आणि दुसरी विशालकोनी असते. दोन्हींवर सारखाच चॅम्फर मागितला, की दाबाची वाटणी बिघडते. ड्रॉइंगमधील टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मोकळा असल्यास मोठ्या चॅम्फरचा हट्ट सोडावा, कारण जितका धातू जास्त दाबावा तितका ताण टूलच्या दातावर येतो. फोर्जिंगचे अॅनिलिंग (तापवून मऊ करणे) एकसारखे झाले आहे की नाही, हेही त्याच ओघात तपासावे. कूलंटबद्दल एवढेच सांगतो, की टूलच्या दातांत अडकलेला बुरा धुऊन निघालाच पाहिजे, नाहीतर तो पुढच्या गिअरबरोबर पुन्हा दाबला जातो.

डिबरिंग कटरला धार लावताना घाई सर्वांत महाग पडते. हायस्पीड स्टीलचे टेम्परिंग (कडक केल्यानंतर पुन्हा तापवणे) साधारण 550 अंश सेल्सिअसला झालेले असते. एकाच पासमध्ये जास्त माल काढला, तर ग्राइंडिंगची उष्णता त्यापुढे जाते, धारेवर तपकिरी-निळी झाक येते आणि नव्याने धार लावलेले कटर मशीनवर चढताच बोथट होते. झीज 0.2 मिलिमीटरच्या आसपास असताना कटर उतरवले, तर हलक्या पासांत काम भागते, ती 0.5 पर्यंत जाऊ दिली, की टवक्यांच्या तळापर्यंत घासावे लागते आणि कटरच्या उरलेल्या जाडीतून दोन-तीन रीग्राइंडिंग एकदमच वजा होतात. त्यामुळे कटर किती नगांनंतर उतरवायचे, हा आकडा कॅटलॉगवरून न घेता आपल्या गिअरवर झीज मोजून ठरवावा आणि मशीनजवळच लिहून लावावा.